दीड, अडीच, साडेतीन

पांडुरंगा, आज मागायचं आहे ते एका कुळाविषयी. माणसांचं नव्हे, विषाणूंचं कुळ. तुझ्या दारात लोक लेकीचं लग्न मागतात, पाऊस मागतात, आणि थोडे शहाणे असतात ते काहीच मागत नाहीत. मी उपकेंद्रावरची नर्सबाई, शहाणपण माझ्या वाट्याला बेताचंच आलं. नोकरीभर ज्याच्याशी झगडले त्याच्याबद्दल निवृत्तीनंतर वाचत बसले, आणि वाचता वाचता तुझ्याशी भांडणच उभं राहिलं. तेव्हा आधी भांडण ऐक, मग मागणं.

पण त्याच्याही आधी तुझ्या कारागिरीला हात जोडते. रोटाव्हायरस नावाचं हे या कुळातलं सगळ्यात नाठाळ पोर. डोळ्यांना दिसणं तर सोडच, शाळेतल्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारं. त्याला एकात एक अशी तीन कवचं. त्यांच्या आत आरएनएचे अकरा तुकडे, आणि प्रत्येक तुकडा दुपदरी. आमच्या पेशीत असा लांबलचक दुपदरी आरएनए सहसा बनत नाही, त्यामुळे तो नुसता दिसला तरी पेशी सावध होते, परका घुसला म्हणून ओरडा करते. हे त्याला कुणी सांगितलं? कारण तो आपला मूळ धागा कधी उघड्यावर आणतच नाही. पेशीत शिरताना बाहेरचं कवच टाकतो, आतली दोन राखतो, आत बसूनच एकपदरी नकला काढतो आणि कवचाच्या बारीक छिद्रांतून त्या बाहेर सोडतो. पेशीला त्या आपल्याच वाटतात. ती बिचारी त्यांच्यावरून मुकाट प्रथिनं बनवायला लागते, आणि त्या प्रथिनांतून नवे विषाणू उभे राहतात.

हे वाचलं तेव्हा आधी नमस्कार केला आणि मग तुझा राग आला. एवढी अक्कल खर्च केलीस ती कुणासाठी, विठोबा?

आणि हा काही एकटा नाही. याच दुपदरी कुळात मेंढरांना निळी जीभ देणारा आहे, घोड्यांना गुदमरवून मारणारा आहे, कोंबड्यांना लंगडं करणारा आहे. भाताची वाढ खुंटवणारा आहे, रेशीमकिड्यांना पोखरणारा आहे, अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात गोचिडीच्या चाव्यातून ताप देणारा आहे. आल्बर्ट साबिन, म्हणजे तेच पोलिओच्या थेंबांचे, यांनी 1959 साली यातल्या पहिल्यावहिल्यांना नाव दिलं. तेव्हा ते माणसाच्या श्वासनळीत आणि आतड्यात सापडत होते, पण कुठला रोग करतात ते कळत नव्हतं. त्यातलाच एक आता कर्करोगाच्या पेशी निवडून मारतो का, हे शास्त्रज्ञ तपासताहेत. म्हणजे कुळात एखादा गुणाचाही निघायचा. 2022 साली शास्त्रज्ञांनी या कुळाच्या वाटण्या केल्या: कवचावर बुरूज असलेले एकीकडं, गुळगुळीत कवचाचे दुसरीकडं. भाऊबंदकी कुणाला चुकली आहे? रोटा आणि निळ्या जिभेवाला मात्र एकाच घरात राहिले, गुळगुळीत वाट्यात. ते का सांगितलं ते पुढं येईल.

देवा, तुला बाळ कधी सुकताना पाहावं लागलं का? तू यशोदेच्या घरी वाढलास, दूधदुभत्यात. आमच्याकडं थंडी पडली, पौष-माघ आला की सुरू व्हायचं. आधी उलट्या, अंगात कणकण, आणि दुसऱ्या प्रहरी पाण्यासारखे जुलाब. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतची लेकरं जास्त. आई सांगायची, सकाळपासून आठ लंगोट झाले, आता मोजायचं सोडलं. बाळाची टाळू खोल गेलेली. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती जागेवर जायला वेळ घ्यायची. आणि सगळ्यात वाईट खूण म्हणजे बाळ रडायचं पण डोळ्यांत पाणी नाही. याहून वाईट एकच, रडायचंच थांबलेलं बाळ, ज्याला पाणी समोर धरलं तरी भान नाही. जोवर ते अधाशासारखं चमच्याला तोंड लावतंय तोवर मी तुझी आठवणसुद्धा काढायची नाही, मला वेळ नसायचा. तोंड फिरवायला लागलं की मात्र रुग्णवाहिकेला फोन आणि तुला हाक, दोन्ही एकदमच.

गावात सांगायचे, दात येताहेत, जुलाब व्हायचेच. नाहीतर दृष्ट लागली. नाहीतर आईचं दूध नासलं, ते बंद करा. हे शेवटचं ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कुठंकुठं पोटावर तापल्या लोखंडाचे चटके द्यायचे, अजूनही देतात. त्यांना हसू नये, देवा. 1973 सालापर्यंत मोठमोठ्या डॉक्टरांनाही लहान मुलांच्या बहुतेक जुलाबांचं कारण माहीत नव्हतं. त्या साली मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलात रूथ बिशप आणि त्यांच्या सोबत्यांनी आजारी मुलांच्या लहान आतड्याचे कणभर तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरले, आणि तिथं हा सापडला, गोल, कडेनं आरे दिसणारा. म्हणून चाकावरून त्याचं नाव पडलं. बिशपबाई 2022 साली गेल्या. त्या कुणाला भजत होत्या मला ठाऊक नाही, पण त्यांना तुझ्याकडं चांगली जागा दे.

आतड्याच्या आतल्या अंगाला जे बारीक अंकुर असतात, त्यांच्या शेंड्यावरच्या पेशींत हा शिरतो. पाणी, मीठ, साखर शोषून घेणाऱ्या त्याच पेशी. त्या मरतात आणि शोषण थांबतं. शिवाय त्याचं एक प्रथिन स्वतःच विषाचं काम करतं, पेशी मरायच्या आतच पाणी बाहेर सोडायला लावतं; हे 1996 साली कळलं. म्हणजे बाळाला रोटाव्हायरस मारत नाही म्हटलं तरी चालेल. तीन ते आठ दिवसांत तो आपोआप सरतो, अंकुरांच्या तळाच्या पेशी नवे शेंडे उभे करतात. बाळ मरतं ते पाण्यावाचून. तेवढे दिवस पाणी पुरवलं की झालं.

आणि इथं तुझे पाय धरते, कारण तू एक वाट उघडी ठेवलीस. आतड्यात मीठ एकटं गेलं तर नीट शोषलं जात नाही, साखर सोबत असली की दोघं मिळून आत जातात, आणि त्यांच्यामागं पाणी जातं. इतक्या पेशी मेल्यावरही ही वाट पुरती बंद होत नाही. एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पुडी असली तर उत्तमच, आम्ही तिला जलसंजीवनी म्हणतो. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालात बनगावला, कॉलरा पेटला होता. शिरेतून द्यायचं सलाईन संपलं. तेव्हा दिलीप महालनबीस नावाच्या डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी पिपांत कालवून ठेवलं आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. शंभरात तीस माणसं मरत होती तिथं चारांहून कमी मरू लागली. रोग कॉलरा होता, पण वाट हीच. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते 2023 साली, ते गेल्यावर. तू बडव्यांना इतकी वर्षं सांभाळलंस. अशा माणसांचा मान जिवंतपणी होईल असं जरा बघत जा.

एवढी सोपी गोष्ट, म्हणून तर कुणाचा विश्वास बसत नाही. सलाईनची बाटली टांगली की घरच्यांना बरं वाटतं, पैसे खर्च झाले की औषध झालं असं वाटतं. आणि रोटाचा खरा कावा उलटीत आहे. आई चमच्यानं पाणी पाजते, बाळ भडाभडा ओकतं, आई घाबरून हात आखडते. सासू म्हणते, पोटात काही ठरतच नाही, कशाला पाजतेस? तिथंच लेकरू हातचं जातं. म्हणून देवा, त्या आईच्या कानात तू स्वतः जाऊन सांग: दहा मिनिटं थांब, मग पुन्हा पाज, चमच्या-चमच्यानं, अंगावरचं दूधही चालू ठेव. मी हजारदा सांगितलं. पण रात्री दोन वाजता मी तिथं नसते, तू असतोस असं म्हणतात. त्या दहा मिनिटांत तिला धीर दे. जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात, जुलाब थांबले की त्या फळीवर पडून राहतात. तेवढी आठवणही दिलीस तर उपकार होतील.

आता भांडण. हा रोटाव्हायरस गरीब-श्रीमंत बघत नाही. कॉलरा पाणी उकळून हटतो, याच्यापुढं साबण आणि उकळलेलं पाणी दोन्ही अपुरी पडतात. थोडेसे कण पोटात गेले तरी पुरतात, आणि आजारी बाळाच्या एका ग्रॅम विष्ठेत ते अब्जांनी असतात. लस येण्याआधी जगातलं जवळजवळ प्रत्येक मूल पाच वर्षांच्या आत याच्या तावडीतून एकदा तरी जायचं, न्यूयॉर्कमधलंही आणि नंदुरबारमधलंही. आजार तू सगळ्यांना सारखा वाटलास. मग मरण का नाही वाटलंस? अमेरिकेत वर्षाला वीस ते साठ मुलं यानं दगावायची. आपल्या देशात, 2011 च्या सुमाराचा अंदाज आहे, वर्षाला 78,000 च्या आसपास. लेकरू तेच, आतडं तेच, विषाणू तोच. फरक होता तो दवाखान्याच्या वाटेचा, रात्रीच्या वाहनाचा, बाळाच्या आधीच खालावलेल्या वजनाचा. तू म्हणशील, ते वाटप माझं नाही, तुमचं. असेल. पण मालक तू आहेस, कारकुनांनी वाटपात घोळ घातला तर माणूस मालकालाच विचारतो.

घोळ कसा घातला तेही ऐक. 1998 साली अमेरिकेत रोटाची पहिली लस मान्य झाली. अल्बर्ट कापिकियन यांच्या हयातभराच्या कामातून आलेली. वर्षभरातच कळलं की साधारण दहा हजारांत एका बाळाच्या आतड्यात आतडं शिरतं आहे. 1999 मध्ये लस मागं घेतली. त्यांच्या जागी त्यांचं बरोबर होतं, मला तसंच वाटतं. जिथं वर्षाला वीस-साठ मुलं जातात तिथं लाखो निरोगी बाळांना असा धोका का द्यावा? पण जिथं लाखांनी जात होती तिथलं गणित निराळं होतं. आणि इथल्या सरकारांना तरी कसं म्हणायचं, अमेरिकेनं फेकलेली लस आमच्या लेकरांना द्या? कोण आई ऐकून घेईल? अमेरिकेच्या बाळांना नको ती आमच्या बाळांना चालेल, हे वाक्य तोंडातून काढणंच अवघड. म्हणून कुणीच ती घेतली नाही, आणि पुढच्या लशी हाती येईपर्यंत 2006 उजाडलं. मधल्या वर्षांत जी गेली त्यांचा दोष मी कुणाच्या पदरात घालू? मला तर यात कुणी दुष्ट दिसत नाही. दुष्ट दिसला असता तर तुझ्याकडं यायची गरज नव्हती, पोलीस पाटलाकडं गेले असते. ज्यात सगळे आपापल्या जागी बरोबर असतात आणि लेकरं तरीही मरतात, असा हिशोब सोडवायची बुद्धी आमच्यात अजून नाही. ती दे.

आता मनातलं गोड बोलते, नाहीतर म्हणशील ही बाई नुसती तक्रारीच करते. दिल्लीच्या एम्समध्ये 1985-86 च्या सुमारास नवजात बाळांच्या विष्ठेत एक रोटाव्हायरस सापडला. गंमत अशी की त्या बाळांना काही झालंच नव्हतं. ना उलटी, ना जुलाब. आणि पुढं त्यांना रोटाचा जोराचा आजारही होत नव्हता. डॉ. महाराज किशन भान यांच्या नजरेला ते पडलं. त्या विषाणूचं नाव 116ई. तपासलं तेव्हा कळलं की तो माणसाचा विषाणू, पण त्यातला एक तुकडा गाईच्या विषाणूचा आहे. गोपाळा, हे तुझंच काम. एका पेशीत माणसाचा आणि गाईचा असे दोन विषाणू शिरले की त्यांच्या अकरा-अकरा तुकड्यांचा काला होतो, तुझ्या सवंगड्यांच्या शिदोऱ्यांचा व्हायचा तसा, आणि त्यातून निघताना कुणाच्या हाती कुणाचा घास आला ते सांगता येत नाही. कुठल्याशा गोठ्यालगतच्या घरात केव्हातरी असा काला झाला असेल आणि त्यातून हा शांत स्वभावाचा निपजला असेल. याच मिसळण्यामुळे अधूनमधून नवे तापट विषाणूही निघतात, हेही तुझंच काम. ते विसरलेले नाही.

त्या 116ई ची लस व्हायला तीस वर्षं गेली. हैदराबादच्या कंपनीनं ती बनवली, डोसाला एक डॉलरच्या भावात देऊ म्हणाली. दिल्ली, वेल्लोर आणि आपलं पुणे, इथं चाचणी झाली, पुण्यात केईएम संशोधन केंद्राकडं. 6,799 बाळं त्यात होती. त्यांतल्या तिसऱ्या हिश्श्याला खरी लस मिळालीच नाही, नुसते औषधाविना थेंब मिळाले, कारण तुलना करायला तेही लागतात. पांडुरंगा, शोध लावणाऱ्यांना पदकं मिळतात. त्या दोन हजारांवर बाळांच्या आयांना काय मिळालं? आपल्या बाळाला खरं मिळालं की खोटं, हे ठाऊक नसताना त्यांनी तोंडं उघडून धरली. त्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत. तुझ्या वहीत असतील तर त्यांच्या नातवंडांपर्यंत पुरेल एवढं पुण्य लिही. पुण्याच्याच दुसऱ्या कंपनीनं गाईच्या विषाणूवर माणसाच्या विषाणूचे तुकडे चढवून आणखी एक लस काढली, उष्णता सोसणारी. आमच्यासारख्या डोक्यावर ऊन आणि खांद्यावर लसवाहक पेटी घेऊन फिरणाऱ्या बायकांना त्याची किंमत विचार.

2016 साली चार राज्यांत सुरुवात झाली, 2019 मध्ये देशभर, आपल्याकडंही. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. कुठं पाच थेंब, कुठं सुई नसलेल्या सिरिंजमधून अडीच मिली. पहिल्या सत्राला आया विचारायच्या, बाई, सुई कुठाय? सुई नाही म्हटल्यावर बाळांपेक्षा त्यांचेच चेहरे खुलायचे.

पण गोड बोलून झालं, आता पुन्हा तक्रार, आणि ही सगळ्यात मोठी. ज्या लशी युरोपातल्या बाळांना पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर राखतात, त्याच आफ्रिकेत मलावीसारख्या ठिकाणी पन्नाशीच्या घरात येतात. आपल्या चाचणीत पहिल्या वर्षी 56 टक्के. म्हणजे जिथं मरण जास्त तिथं राखण कमी! शास्त्रज्ञ कारणं सांगतात: आयांच्या दुधात विषाणूविरुद्धची शक्ती आधीच इतकी असते की ती लशीलाच अडवते, आतड्यात दुसरे जंतू बसलेले असतात, बाळ कुपोषित असतं. आईचं दूधच आड येतं, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. तुझ्या राज्यात हा काय न्याय? मग संध्याकाळी आकडे घेऊन बसले. मोठ्या संकटाचा निम्मा भाग अडवला तर तो लहान संकटाचा नव्वद टक्के अडवण्यापेक्षा किती तरी मोठा भरतो. शंभर वाचले की हजार, हे टक्क्यांत दिसत नाही. तेव्हा हा न्याय मला पटलेला नाही, पण पाच थेंब पाजा असं सांगायचं मी सोडणार नाही. उरलेल्या निम्म्याचं काय करायचं ते तू आणि जलसंजीवनी बघा.

आता त्या दुसऱ्या भावाकडं, निळ्या जिभेवाल्याकडं येते. रा. चिं. ढेरे यांनी तुझ्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि तू मुळात गवळी-धनगरांचा देव असल्याचं मांडलं. मला ते वाचून बरं वाटलं. विद्वानांनी सांगितलं म्हणून नव्हे, तुला मेंढरांची भाषा कळत असेल एवढ्यासाठी. पावसाळ्यात चिखल झाला, शेणमातीत ओल राहिली की बारीक चिलटं उठतात, दिसायला डासाहून किती तरी लहान. ती आजारी जनावराला चावतात आणि मग मेंढीला. अंगाशी अंग लागून हा रोग जात नाही, माणसाला तर होतच नाही, सगळा खेळ त्या चिलटाचा. गाईबैलांच्या अंगात तो मुकाट राहतो. मेंढीला मात्र ताप चढतो, ओठ-तोंड सुजतं, लाळ गळते, नाकाला खपल्या धरतात, खुरांच्या वर सूज येऊन ती पाय टेकेना होते, गाभण असली तर गर्भ टाकते. कधी कधी जीभ सुजून निळी पडते. दक्षिण आफ्रिकेत युरोपातल्या लोकरीच्या मेंढ्या नेल्या तेव्हा हा रोग जगाला कळला. भारतात तो पहिल्यांदा नोंदला गेला 1964 साली, आणि तोही आपल्या महाराष्ट्रात. 2006 मध्ये तर थंड युरोपातही, हॉलंड-बेल्जियमच्या बाजूला पोचला. या विषाणूचे चोवीसहून जास्त प्रकार, एकावरची लस दुसऱ्याला लागू नाही. आपल्याकडं पाच प्रकारांवरची लस झाली आहे, पण ती पावसाच्या आधी मेंढीपर्यंत पोचली तर उपयोग.

वारकरी म्हणतात तुझ्या मस्तकी शिवलिंग आहे. म्हणून नीळकंठाला विचारायचं ते तुलाच विचारते. तू हलाहल प्यालास, जाणूनबुजून, सगळ्यांना वाचवायला, म्हणून कंठ निळा. या मुक्या जनावरानं काय प्यायलं होतं? आणि घोड्यांचा तो आफ्रिकेतला आजार, 1960 साली आपल्या देशातही आला होता, त्यात फुप्फुसात पाणी भरून नाकातोंडातून फेस येतो. रिंगणात धावणारा माउलींचा अश्व बघितलास की त्या घोड्यांचीही आठवण ठेव. तो आजार सध्या आपल्याकडं नाही, तसंच राहू दे.

दिवाळी सरली की नगर-फलटणच्या बाजूचे धनगरांचे वाडे कोकणाच्या वाटेला लागतात. तट्टाच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यात कोंबड्या, चालता न येणारी कोकरं, आणि कुणाचं तरी तान्हं मूल. पावसात गावी असतात तेव्हा निळी जीभ मेंढरांच्या मागं. थंडीत वाटेवर असतात तेव्हा रोटा लेकराच्या मागं. एकाच घरातले दोघे भाऊ, एकाच वाड्याला वर्षभर पुरून उरतात. पहिला डोस ते बाळ गावी घेतं. अडीच महिन्यांचं होतं तेव्हा ते घाटात असतं. साडेतीन महिन्यांचं होतं तेव्हा कोकणातल्या कुठल्या तरी भातखाचरात, मेंढरं बसवलेल्या शेताच्या बांधावर. माझ्या यादीत त्याच्या नावापुढं ‘स्थलांतरित’ असा शेरा पडायचा आणि माझं काम कागदावर पूर्ण व्हायचं.

तर मागणं हे. चिलटं नकोत असं मी म्हणत नाही, चिखल नको म्हटलं तर पाऊस नको म्हटल्यासारखं होईल आणि माणदेशात असलं कुणी बोलत नाही. मेंढ्यांची लस रोहिणी-मृगाच्या आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात येऊ दे आणि ती टोचणाऱ्याच्या मोटारसायकलीत पेट्रोल असू दे. मेंढी गेली तर तिच्या मालकाला भरपाईसाठी तालुक्याला खेटे घालायला लावू नकोस. लसवाहक पेटीतला बर्फ दुपारपर्यंत टिकू दे. रोटाचे नवे तापट काले फार लवकर होऊ देऊ नकोस. वाड्यातल्या बाईच्या गाठोड्यात एक लिटरच्या दोन पुड्या असू देत, आणि एक लिटर मापायला घागर न धरता बाटली धरायची, हे तिला ठाऊक असू दे. घट्ट झालं तर तेच पाणी घात करतं.

आणि कोकणात, जिथं कुठं तो वाडा उतरला असेल तिथल्या उपकेंद्रावरच्या पोरीकडं जरा बघ. नवी लागलेली असेल, घरापासून लांब, सत्राच्या दिवशी चाळीस बाळं आणि वर ऑनलाइन नोंदी. आता यू-विन या लसनोंदीच्या व्यवस्थेत कुठल्याही गावचं बाळ कुठंही डोस घेऊ शकतं म्हणतात, पण रेंज नसली की पोरी वैतागतात, मीही वैतागायचे. दुपारी सत्र आवरताना एक धनगरीण चुरगळलेलं कार्ड घेऊन येईल, त्यावरची दुसऱ्या डोसाची जागा रिकामी असेल, आणि त्या पोरीच्या ओठांवर येईल, हे आमच्या गावचं नाही, तुमच्या गावी जा. तिला तेव्हा ते बोलू देऊ नकोस. कुपी उघडायला लाव, आणि तिसऱ्या डोसाची तारीख कार्डावर लिहून, वाडा पुढं कुठल्या गावाला उतरणार ते विचारून तिथल्या सिस्टरचा नंबरही दे म्हणावं.